विभागीय चौकशीत जबाब टिपायचं अर्धवेळ काम: तयारीपासून सहीपर्यंत

सरकारी नोकरावर विभागीय चौकशी लागते तेव्हा त्याची नोकरी, पदोन्नती, निवृत्तिवेतन सगळंच पणाला लागलेलं असतं. चौकशी अधिकारी अहवाल देतात, शिस्तभंगविषयक प्राधिकारी शिक्षेचा आदेश काढतात, मग ४५ दिवसांत अपील. तिथे दाद लागली नाही तर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे आपलं मॅट. आणि सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या एल. चंद्रकुमार निकालानंतर मॅटच्या निर्णयाविरुद्ध उच्च न्यायालयाचं दारही उघडं आहे. पायऱ्या एवढ्या, पण साक्षीदार बोलतो तो पहिल्याच पायरीवर. अपील प्राधिकाऱ्यापुढे फाईल येते, माणूस येत नाही. मॅटमध्येही प्रशासकीय न्यायाधिकरण अधिनियम १९८५ च्या कलम २२ प्रमाणे प्रकरणं एरवी कागदपत्रं, लेखी निवेदनं आणि तोंडी युक्तिवाद यांवरच निकाली निघतात. म्हणजे पंचायत समितीच्या सभागृहात एखाद्या दुपारी जो जबाब टाईप झाला, तोच पुढे मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरला जाऊन बोलतो.

तो जबाब टाईप कोण करतं? पुष्कळदा ऐनवेळी हाताशी लागलेला कुणीतरी लिपिक. माझं स्पष्ट मत आहे की हे काम जाणकार माणसाने, ठरवून आणि मोबदला घेऊन करायला हवं. निवृत्त लघुलेखक, लघुलेखनाची परीक्षा पास होऊन नोकरीची वाट बघणारी मुलं-मुली, कोर्टाबाहेर टंकलेखन करणारी मंडळी, या सगळ्यांना ते जमण्यासारखं आहे. अमेरिकेत केंद्रीय कर्मचाऱ्यांची अपिलं मेरिट सिस्टिम्स प्रोटेक्शन बोर्डापुढे चालतात आणि सुनावणीला कोर्ट रिपोर्टर बसवून शब्दन् शब्द टिपला जातो. आपल्याकडे असा वेगळा पेशा नाही. काम मात्र तेच आहे, आणि ते शिकावं लागतं.

आधी चौकशीची चाल समजून घ्या

राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ लागू आहेत. मोठ्या शिक्षेसाठीची चौकशी नियम ८ प्रमाणे चालते आणि तुमचं काम बहुतेक याच चौकशीत असतं. नियम १० किरकोळ शिक्षांचा आहे, तिथे सहसा लेखी खुलाशावरच निर्णय होतो. जिल्हा परिषदेचा कर्मचारी असेल तर १९६४ चे जिल्हा सेवा (शिस्त व अपील) नियम, एसटीत असेल तर त्यांची शिस्त व आवेदन कार्यपद्धती. नियमांची पुस्तकं वेगवेगळी असली तरी बैठकीची चाल सगळीकडे सारखीच आहे.

खोलीत चार जण महत्त्वाचे. चौकशी अधिकारी, खात्याची बाजू मांडणारा सादरकर्ता अधिकारी, ज्याच्यावर आरोप आहेत तो अपचारी आणि त्याचा बचाव सहाय्यक. दोषारोपपत्राला चार जोडपत्रं असतात: पहिल्यात दोषारोप, दुसऱ्यात त्यांचं विवरण, तिसऱ्यात कागदपत्रांची यादी आणि चौथ्यात साक्षीदारांची. प्राथमिक सुनावणीत अपचारी आरोप मान्य की अमान्य ते सांगतो. मग कागदपत्रांची पाहणी होते. त्यानंतर सरकारतर्फे एकेक साक्षीदार येतो, त्याची सरतपासणी (बोलावणाऱ्या बाजूचे प्रश्न), उलटतपासणी (विरुद्ध बाजूचे प्रश्न) आणि गरज असेल तर फेरतपासणी (बोलावणाऱ्या बाजूचे पुन्हा प्रश्न) होते. मग बचावाचे साक्षीदार. शेवटी, अपचाऱ्याने स्वतःची साक्ष दिली नसेल तर पुराव्यात त्याच्याविरुद्ध जे आलं त्यावर चौकशी अधिकारी त्याला प्रश्न विचारतात. हा शेवटचा टप्पा घाईघाईत उरकला जातो, म्हणून आत्ताच सांगतो: तो कायम प्रश्नोत्तर रूपातच टाईप करा. अपचाऱ्याला नेमकं काय विचारलं होतं, हा मुद्दा पुढे अपिलात निघतो.

न्यायालयं या कागदाकडे कशी बघतात, तेही ठाऊक असू द्या. बी. सी. चतुर्वेदी प्रकरणात (१९९५) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शिस्तभंगाच्या प्रकरणात न्यायालय पुराव्याचं फेरमूल्यमापन करायला बसत नाही. चौकशी रीतसर झाली का आणि निष्कर्षाला पुराव्याचा आधार आहे का, एवढंच ते बघतं. हा आधार शोधायचा तो तुम्ही टाईप केलेल्या पानांत. रूपसिंग नेगी प्रकरणात (२००९) तर आणखी पुढचं सांगितलं: कागद नुसता दाखल केला म्हणजे तो सिद्ध झाला असं होत नाही, तो साक्षीदारामार्फत शाबीत व्हावा लागतो. म्हणून ‘ही सही माझीच आहे’ असं साक्षीदार म्हणतो, तेव्हा कोणत्या निशाणीवरची, म्हणजे चौकशीत क्रमांक दिलेल्या कोणत्या कागदावरची सही, हे जबाबात आलंच पाहिजे. ते राहिलं तर तो सगळा कागदच लंगडा पडतो.

पात्रता आणि हात तयार करणं

कागदोपत्री पात्रता कुठे एकसारखी ठरलेली नाही, पण काम देणारा काय बघतो ते उघड आहे. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेचं संगणक टंकलेखनाचं प्रमाणपत्र, मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट, हे तर हवंच. लघुलेखनाची ८० किंवा १०० ची परीक्षा झाली असेल तर उत्तम. शासनात लघुटंकलेखक, निम्नश्रेणी आणि उच्चश्रेणी लघुलेखक या पदांना अनुक्रमे ८०, १०० आणि १२० चा वेग लागतो, त्यामुळे अधिकारी मंडळींच्या डोक्यात तीच मोजपट्टी असते.

प्रत्यक्ष बैठकीत लघुलेखनाची वही उघडण्याची वेळ कमीच येते. रिवाज असा की साक्षीदार बोलतो, चौकशी अधिकारी ते ऐकून सगळ्यांसमक्ष सांगतात आणि तुम्ही थेट लॅपटॉपवर घेता. तरीही लघुलेखन येणाऱ्याचा फायदा असा की साक्षीदार जे बोलला ते त्याच्या कानात आणि वहीत शिल्लक असतं. वाद झाला की तो मूळ शब्द सांगू शकतो.

टाईप युनिकोडमध्येच करा. कळफलक इनस्क्रिप्ट की रेमिंग्टन, हा तुमच्या सवयीचा प्रश्न. पण कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप करून नंतर रूपांतर करायच्या भानगडीत पडू नका. त्यात ‘कर्मचाऱ्यांच्या’सारखी जोडाक्षरं फुटतात आणि सही झालेल्या छापील प्रतीतला मजकूर एक, ईमेलने गेलेल्या फाईलमधला दुसरा, अशी पंचाईत होते.

सरावासाठी घरातल्या दोघांना बसवा. एकाने प्रश्न विचारावेत, दुसऱ्याने आपल्या नेहमीच्या बोलीत उत्तरं द्यावीत. विषय कोणताही चालेल, घरातली किल्ली कुणी हरवली इथपासून. तुम्ही वीस मिनिटं टाईप करा आणि मग वाचून दाखवा. ‘मी असं म्हणालोच नाही’ हे वाक्य किती वेळा ऐकू येतं, त्यावरून तयारीचा अंदाज येईल.

काम कुठून मिळतं

शासन निवृत्त अधिकाऱ्यांना कंत्राटी पद्धतीने चौकशी अधिकारी नेमतं. त्यांच्या दिमतीला कार्यालय नसतं, लेखनिक लागतो. सगळ्यात जास्त काम इथेच आहे. अशा अधिकाऱ्यांना भेटा, एका पानात आपली माहिती द्या आणि सोबत एक नमुना जबाब जोडा (काल्पनिक प्रकरणाचा, खऱ्या फाईलमधला कधीही नाही). याशिवाय महानगरपालिका, नगरपरिषदा, विद्यापीठं, महामंडळं, सहकारी बँका, साखर कारखाने यांच्याकडे चौकशा चालू असतात. अनुदानित शाळांमध्ये १९७७ च्या खाजगी शाळा कर्मचारी कायद्याखाली चौकशी समिती बसते आणि तिथलं अपील शाळा न्यायाधिकरणाकडे जातं. तिथेही जबाब नीट टिपणारा माणूस सहसा नसतो.

एक अट ध्यानात ठेवा. तुम्ही स्वतः शासकीय सेवेत असाल तर वर्तणूक नियमांप्रमाणे पूर्वपरवानगीशिवाय असं खासगी काम घेता येत नाही. परवानगी लेखी घ्या. आणि प्रकरणातला अपचारी, तक्रारदार किंवा एखादा साक्षीदार तुमच्या नात्यातला, गावकीतला, जुन्या कार्यालयातला निघाला, तर कामाला होकार देण्याआधीच चौकशी अधिकाऱ्यांना सांगा. ते म्हणतील तसं करा, पण सांगा.

आदल्या दिवशी

चौकशी अधिकाऱ्यांकडून जोडपत्र १, ३ आणि ४ वाचायला मागा. कार्यालयातच बसून वाचा, घरी नेऊ नका. त्यातली नावं, पदनामं, पावती क्रमांक, तारखा, रकमा एका कागदावर उतरवा. उद्या साक्षीदार ‘ते एमबीत आहे’ म्हणेल तेव्हा ती मोजमाप पुस्तिका आणि तिचा क्रमांक अमुक, हे तुम्हाला आधीच माहीत हवं. महसूलचं प्रकरण असेल तर फेरफार, मंडळ अधिकारी, गाव नमुने. पुरवठ्याचं असेल तर परमिट, उचल, शिल्लक साठा. पोलिसांचं असेल तर स्टेशन डायरी. प्रत्येक खात्याची आपापली भाषा आहे आणि ती कानाला ओळखीची नसेल तर हात अडखळतो.

सामानात लॅपटॉप, छोटा प्रिंटर, भरलेलं काडतूस, एक जादा काडतूस, कागदाची दोन रिमं, एक्स्टेन्शन बोर्ड, पेन ड्राइव्ह. तालुक्याच्या ठिकाणी वीज जाणार हे गृहीत धरा. लॅपटॉप बॅटरीवर चालेल, प्रिंटर चालणार नाही. सह्या त्याच दिवशी व्हायला हव्यात, म्हणून जवळचं झेरॉक्सचं दुकान कुठे आहे आणि तिथे इन्व्हर्टर आहे का, हेही सकाळीच बघून ठेवा. मात्र दुकानाच्या संगणकावर फाईल उतरवायची नाही. छपाई आपल्या डोळ्यांदेखत करून पेन ड्राइव्ह परत घ्यायचा.

शक्य असेल तर लॅपटॉपला जोडायला दुसरा पडदा (मॉनिटर) न्या आणि तो साक्षीदार, सादरकर्ता अधिकारी आणि बचाव सहाय्यक तिघांना दिसेल असा ठेवा. अक्षर मोठं करा. आपलं बोलणं कागदावर कसं उतरतंय हे सगळ्यांना जागच्या जागी दिसलं की निम्मे वाद उद्भवतच नाहीत.

बैठकीत

प्रत्येक साक्षीदाराचा जबाब वेगळ्या पानावर सुरू करा. वर प्रकरण क्रमांक, अपचाऱ्याचं नाव व पदनाम, ‘सरकारतर्फे साक्षीदार क्र. २’ अशी ओळ, मग साक्षीदाराचं नाव, वय, सध्याचं पद आणि घटनेच्या वेळचं पद. हे शेवटचं हमखास राहून जातं. चार वर्षांपूर्वी जो कनिष्ठ सहायक होता तो आज दुसऱ्याच तालुक्यात वरिष्ठ सहायक असतो, आणि त्या वेळी तो कागद त्याच्या ताब्यात कसा होता हे मग जबाबातून कळत नाही. तारीख, वेळ, स्थळ, हजर व्यक्ती लिहा. शपथ दिली असेल तर तशी नोंद करा.

आता मुख्य काम. जबाब साधारणपणे निवेदनाच्या रूपात घेतात, म्हणजे प्रश्न वगळून उत्तरांचा सलग मजकूर. महत्त्वाच्या मुद्द्यावर प्रश्न आणि उत्तर दोन्ही जसंच्या तसं. कुठे काय घ्यायचं हे चौकशी अधिकारी ठरवतात. पण तुमचा कान इथेच लागतो. एक प्रसंग कल्पनेतला घेतो, भांडारातल्या तुटीचा.

सादरकर्ता अधिकारी विचारतात, “तुम्ही साठा मोजला तेव्हा हे हजर होते ना?”

साक्षीदार सांगतो, “होते की. म्हणजे सकाळी होते. दुपारनंतर बहुतेक बाहेर गेले असावेत, मला काय आता आठवत नाही बघा.”

घाईत असलेला लेखनिक टाईप करतो: ‘साठा मोजणीच्या वेळी अपचारी हजर होते.’ वाक्य शुद्ध, सुटसुटीत, आणि साक्षीदाराच्या म्हणण्यापासून कोसभर लांब. हवं ते असं: ‘साठा मोजणीच्या वेळी अपचारी सकाळी हजर होते. दुपारनंतर ते बहुतेक बाहेर गेले असावेत. मला आता आठवत नाही.’ तूट दुपारच्या मोजणीत निघालेली असेल तर मोजणी आपल्यामागे झाली, हाच अपचाऱ्याचा सगळा बचाव असतो. ‘बहुतेक’ आणि ‘असावेत’ गाळले की तो बचाव फाईलमधूनच पुसला जातो, आणि मॅटमध्ये कुणी कितीही युक्तिवाद केला तरी तो परत आणता येत नाही.

चौकशी अधिकाऱ्यांनीच सांगताना ‘बहुतेक’ गाळलं तर? तेव्हा हळू आवाजात, एकदाच, वाक्य पुरं व्हायच्या आत म्हणा, “सर, ते ‘बहुतेक’ म्हणाले.” अधिकारी साक्षीदाराला पुन्हा विचारतील आणि दुरुस्ती करतील. नाहीच केली तर त्यांनी सांगितलं ते टाईप करा. जबाबाची जबाबदारी त्यांची आहे. हरकत घ्यायची तर ती बचाव सहाय्यक घेईल, आणि ती घेतली की शब्दशः नोंदवणं हे तुमचं काम. आपल्या मनाने एक अक्षरही घालायचं किंवा काढायचं नाही, मग बाजू कोणाचीही खरी वाटो.

उच्चार प्रमाण करायला हरकत नाही, शब्द बदलायचे नाहीत. ‘म्या दिलं न्हाई’चं ‘मी दिले नाही’ करा. पण साक्षीदार ‘चहापाण्याला दोनशे दिले’ म्हणाला असेल तर ‘दोनशे रुपये लाच दिली’ असं लिहिणं हा अपराध समजा. ते पैसे कशाचे होते हे ठरवण्यासाठीच तर चौकशी बसली आहे! तसंच शिवीगाळीचं. ‘अर्वाच्य भाषेत बोलले’ या वाक्यातून काहीच कळत नाही. साक्षीदाराने शब्द उच्चारले असतील तर ते अवतरणात, जसेच्या तसे. संकोच वाटला तरी लिहा.

‘मला माहीत नाही’, ‘मला आठवत नाही’ आणि ‘मला सांगता येणार नाही’ ही तीन वेगळी उत्तरं आहेत. पहिल्यात माहितीच नव्हती, दुसऱ्यात होती पण विसरली, तिसऱ्यात साक्षीदार कदाचित सांगायला तयार नाही. तिन्हींचं एकच ‘माहीत नाही’ करू नका.

उलटतपासणीत नकारार्थी प्रश्न फार येतात. “पंचनाम्यावर तुम्ही त्या दिवशी सही केली नाही, हे खरं ना?” आणि उत्तर येतं, “हो.” हा ‘हो’ कशाला? सही केली याला की नाही याला? अशा वेळी चौकशी अधिकाऱ्यांकडे बघा, ते साक्षीदाराला पूर्ण वाक्यात उत्तर द्यायला सांगतील. आणि हा भाग प्रश्नोत्तरातच घेऊ द्या. कोर्टाच्या धाटणीचं ‘हे म्हणणे खरे नाही की, मी सही केली नाही’ असलं वाक्य नियमात बसतं, पण सहा वर्षांनी ते वाचणाऱ्याला त्यातले नकार मोजत बसावं लागतं.

मान हलवली, बोट दाखवलं, हाताने ‘एवढं’ केलं, हे ध्वनिमुद्रणातही सापडत नाही. ‘साक्षीदाराने निशाणी ७ वरील तिसऱ्या सहीकडे बोट दाखवून ती स्वतःची असल्याचे सांगितले’ असं वाक्य अधिकाऱ्यांकडून सांगून घ्या. साक्षीदार घाबरला, गोंधळला, उत्तर द्यायला वेळ लावला, असले शेरे मात्र चौकशी अधिकाऱ्यांच्या अखत्यारीतले. त्यांनी सांगितल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

रकमा आणि वेळा बोलीत येतात: दीड हजार, सव्वादोन, अडीचशे. अंकी आणि अक्षरी दोन्ही लिहा. ‘सव्वादोनला’ म्हणजे दुपारी की रात्री, हेही विचारून घ्यायला लावा.

सूचक प्रश्नावर (ज्यात उत्तर आधीच सुचवलेलं असतं) हरकत आली तर प्रश्न, हरकत, त्यावर अधिकाऱ्यांचा निर्णय आणि मग उत्तर, या क्रमाने चारही गोष्टी आल्या पाहिजेत. बाकी गप्पा, चहाच्या वेळचं बोलणं, एकमेकांना मारलेले टोले लिहू नका.

मोबाईलवर रेकॉर्डिंग स्वतःच्या मनाने कधीही सुरू करू नका. अधिकाऱ्यांनी आदेश दिला आणि रोजनाम्यात, म्हणजे बैठकीच्या कामकाजाच्या नोंदीत, तसं लिहिलं गेलं तरच. बोलून टाईप करणारी ॲप्स तर या कामात नकोच. आवाज परक्या सर्व्हरवर जातो आणि गावाची नावं भलतीच उमटतात. सुनावणी व्हीसीवर (व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने) असेल तर साक्षीदाराच्या खोलीत आणखी कोण बसलंय, हे सुरुवातीलाच विचारून नोंदवायला सुचवा.

रोजनामा

जबाबाइतकंच लक्ष रोजनाम्याला द्या. कोण हजर, कोण गैरहजर, काय कामकाज झालं, तारीख कुणी मागितली, का मागितली, दिली का, पुढची तारीख कोणती. प्रेमनाथ बाली प्रकरणात (२०१५) सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की विभागीय चौकशी शक्यतो सहा महिन्यांत आणि फार तर एका वर्षात संपवावी. चौकशी रखडली की खातं अपचाऱ्याकडे बोट दाखवतं आणि अपचारी खात्याकडे. खरं काय ते रोजनाम्याच्या चार ओळी सांगतात. ‘काही कारणास्तव तहकूब’ अशी नोंद नको. ‘सादरकर्ता अधिकारी निवडणूक कामामुळे गैरहजर, साक्षीदार क्र. ३ हजर होते, तहकूब’ अशी हवी. हजर राहून परत गेलेल्या साक्षीदाराची नोंद तर नक्कीच हवी, बिचारा शंभर किलोमीटरवरून आलेला असतो.

वाचून दाखवणं, दुरुस्ती, सह्या

साक्ष संपली की लगेच छापा आणि अपचारी व बचाव सहाय्यक समोर असताना साक्षीदाराला वाचून दाखवा. पडद्यावर सगळं दिसत होतं म्हणून हे टाळू नका. सावकाश वाचा. लिहिण्यातली चूक निघाली तर सगळ्यांसमक्ष दुरुस्त करा: चुकीच्या शब्दावर एक सरळ रेघ, वर बरोबर शब्द, बाजूला लघुस्वाक्षऱ्या. मूळ शब्द वाचता आला पाहिजे.

पण साक्षीदार म्हणाला, “असं नव्हे, मला वेगळं म्हणायचं होतं,” तर ती चूक नव्हे, ते नवं म्हणणं आहे. अशा वेळी मूळ मजकूर तसाच ठेवून खाली साक्षीदाराचा आक्षेप नोंदवायचा. हा फरक सांभाळणारा लेखनिक सोन्याहून मोलाचा. साक्षीदार दुसरी भाषा बोलला आणि जबाब मराठीत घेतला असेल, तर वाचून दाखवताना त्याला समजेल त्या भाषेत सांगितलं गेलं पाहिजे आणि तसं शेवटी लिहिलं पाहिजे. अखेरीस ‘साक्षीदाराला अपचाऱ्यासमक्ष वाचून दाखवला, बरोबर असल्याचे मान्य केले’ किंवा ‘आक्षेप नोंदवला’ असं प्रमाणपत्र येतं, त्याखाली चौकशी अधिकाऱ्यांची सही.

पानांवर ‘पान ६ पैकी ३’ असा क्रमांक टाका आणि प्रत्येक पानावर साक्षीदार, अपचारी, सादरकर्ता अधिकारी आणि चौकशी अधिकारी यांच्या सह्या घ्या. बचाव सहाय्यक असेल तर त्याचीही. सह्या झालेलं पान पुन्हा छापायचं नाही, शुद्धलेखनाची चूक दिसली तरी नाही. त्याच दिवशी प्रत अपचाऱ्याला आणि सादरकर्त्या अधिकाऱ्यांना द्या आणि पोच घ्या. जबाबाची प्रत मिळाली नाही म्हणून उलटतपासणी नीट करता आली नाही, ही अपिलातली नेहमीची तक्रार. पोच असली की ती तिथल्या तिथे मिटते.

गोपनीयता

कच्चा मसुदा व्हॉट्सॲपवर पाठवायचा नाही, अधिकाऱ्यांनी मागितला तरी ईमेलच मागा. अपचारी किंवा तक्रारदार फोन करून ‘कालच्या जबाबाची जादा प्रत द्या ना’ म्हणाले, तर एकच उत्तर: साहेबांकडे अर्ज करा. कुणाच्याही गाडीतून जाऊ नका, कुणाकडे जेवू नका. खेड्यात हे कठोर वाटतं, पण दुसऱ्या बाजूने ते पाहिलं की तुमच्या सगळ्या पानांवरचा विश्वास उडतो.

लैंगिक छळाच्या तक्रारीत अंतर्गत समितीपुढे काम करत असाल तर २०१३ च्या कायद्याचं कलम १६ तुम्हालाही बांधतं. पीडितेचं, प्रतिवादीचं, साक्षीदारांचं नाव-पत्ता, चौकशीतला तपशील काहीही बाहेर गेलं तर नियमांप्रमाणे पाच हजार रुपये दंड आहे. फाईलच्या नावातही व्यक्तीचं नाव घालू नका, प्रकरण क्रमांक पुरे.

चौकशी संपली की सगळ्या फाईली आणि लघुलेखनाच्या वह्या चौकशी अधिकाऱ्यांच्या ताब्यात द्या, तशी पोच घ्या आणि त्यांनी लेखी कळवलं की आपल्या लॅपटॉपवरून काढून टाका. तोवर जपा. पुढे एखादं पान गहाळ झालं तर तुमच्याकडची प्रतच कामाला येते.

मोबदला

पैशांचं बोलणं पहिल्या भेटीत करा आणि एका ओळीच्या पत्रावर तरी लिहून घ्या. दोन पद्धती आहेत: दर बैठकीला ठरावीक रक्कम किंवा दर पानाला दर. नुसता पानाचा दर घेऊ नका. चौकशांमध्ये तहकुबी फार असतात. तुम्ही सामान घेऊन साठ किलोमीटर जाता, बचाव सहाय्यक येत नाही, आणि हातात रोजनाम्याचं अर्धं पान उरतं. म्हणून बैठकीची किमान रक्कम, त्यावर पानाचा दर आणि प्रवासखर्च वेगळा, अशी मांडणी ठेवा. पान म्हणजे काय तेही ठरवा: कागद ए-फोर की लीगल, अक्षराचा आकार किती, ओळींमधलं अंतर किती. कागद आणि छपाई कुणाकडे, हा प्रश्नही त्यातच सोडवा.

पैसे देणार कोण, हे स्पष्ट विचारा. कंत्राटी चौकशी अधिकारी आपल्या मानधनातून देत असतील तर बिल त्यांच्या नावाने, कार्यालय देत असेल तर कार्यालयाच्या नावाने. बिलात प्रकरण क्रमांक, बैठकीची तारीख, साक्षीदार क्रमांक, पानांची संख्या लिहा आणि रोजनाम्याशी ताडून बघा, कारण लेखा शाखा नेमकं तेच ताडते. बिल दर बैठकीनंतर द्या. चौकशी संपेपर्यंत थांबलात तर मधल्या काळात अधिकारी बदलतात आणि नव्या अधिकाऱ्यांना तुमच्याशी काय ठरलं होतं ते ठाऊक नसतं. पॅन कार्डाची प्रत आणि बँकेचा तपशील पहिल्याच बिलाला जोडा.

एक प्रकरण पुरं झालं की चौकशी अधिकाऱ्यांकडून कामाचं पत्र मागून घ्या. त्यात अपचाऱ्याचं नाव नको, किती साक्षीदारांचे जबाब घेतले आणि काम वेळेत झालं, एवढं पुरे. पुढच्या अधिकाऱ्याकडे जाताना तेच पत्र दाखवायचं.